टर्बो पेट्रोल गाडीला बाहेरचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकणला स्कोडा-फोक्सवॅगनचा आणि रांजणगावला टाटा-फियाटचा कारखाना, त्यामुळे टर्बो पेट्रोल गाडी पुण्याच्या चांगली ओळखीची आहे. लिनिया टी-जेट आली, २०१३ला पोलो जीटी टीएसआय आली, २०१५ला अबार्थ पुंटो, २०१७ला नेक्सॉन. आता कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार-पाच टर्बो पेट्रोल गाड्या सहज दिसतात. मी गेली चौदा वर्षं वारज्यात याच गाड्यांचं काम करतो. बाहेरून विकत घेऊन बसवायच्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हबद्दल तेच ते प्रश्न रोज येतात आणि चुकीचा बसवलेला व्हॉल्व्ह घेऊन महिन्याला एखादी गाडी तरी येतेच. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

दादा, हा व्हॉल्व्ह नेमकं करतो काय?

जुन्या इमारतीत पंप चालू असताना नळ झटकन बंद केला, तर भिंतीतला पाइप धाडकन वाजतो. पाणी वेगात येत असतं, वाट अचानक बंद होते आणि तो सगळा जोर पाइपात मागे उसळतो. टर्बो पेट्रोल गाडीत हवेचं असंच होतं.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा हवेचा पंप. त्याचा कॉम्प्रेसर हवा दाबून, इंटरकूलरमधून गार करत, इंजिनकडे ढकलत असतो. लहान टर्बोचं चाक भर जोरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतं. तुम्ही गिअर बदलायला ॲक्सिलरेटर सोडता तेव्हा थ्रॉटलची पाकळी मिटते. चाक मात्र लगेच थांबत नाही, ते हवा ढकलतच राहतं. टर्बो आणि पाकळीच्या मधल्या पाइपात दाब आहे, पण हवेला पुढे जायला वाट नाही. मग ती उलटी फिरते आणि कॉम्प्रेसरच्या पात्यांमधून मागे घुसते. यालाच सर्ज म्हणतात.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह नेमक्या त्या क्षणी या हवेला वाट करून देतो. त्याच्या डोक्यावर एक बारीक नळी असते, ती इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली असते. पाकळी मिटली की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. तो वरून डायफ्रॅम किंवा पिस्टन ओढतो, खालून पाइपातला दाब ढकलतो, स्प्रिंग दबते आणि व्हॉल्व्ह उघडतो. पुन्हा रेस दिली की मॅनिफोल्डमध्ये दाब येतो आणि व्हॉल्व्ह बंद होतो. एवढंच त्याचं काम आहे, पण ते सेकंदाच्या लहानशा भागात आणि दर वेळी बिनचूक व्हावं लागतं.

म्हणजे माझ्या गाडीत तो आधीपासूनच आहे?

बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांत असतो. कंपनी जो बसवते तो बाहेर फुसकारा सोडत नाही. सुटलेली हवा एका पाइपातून पुन्हा टर्बोच्या तोंडाशी नेऊन सोडतो, म्हणून तो ऐकू येत नाही. त्याला डायव्हर्टर किंवा बायपास व्हॉल्व्ह म्हणतात. काही छोट्या नव्या इंजिनांत तो वेगळा दिलेलाच नसतो. तिथे हवेच्या पाइपांची लांबी कमी असते आणि विजेवर चालणारा वेस्टगेट (एक्झॉस्टच्या बाजूची झडप) झटकन उघडून टर्बोचा जोर उतरवतो. अशा गाडीवर बाहेरचा व्हॉल्व्ह चढवणं म्हणजे इंजिन बनवणाऱ्यांनी विचार करून काढून टाकलेली गोष्ट पुन्हा आत घुसवणं. तसं काम मी घेत नाही.

बसवला की पिकअप वाढतो ना?

नाही. पाय ॲक्सिलरेटरवर असताना हा व्हॉल्व्ह बंद असतो, आणि बंद असलेला व्हॉल्व्ह ताकद कुठून वाढवणार? इथे बऱ्याच जणांची वेस्टगेटशी गल्लत होते. वेस्टगेट एक्झॉस्टच्या बाजूला असतो आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने तयार केलेला जास्तीचा दाब, किती चढू द्यायचा ते ठरवतो. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह इनटेकच्या बाजूला असतो आणि फक्त पाय उचलल्यावर कामाला लागतो.

एक छोटा फायदा खरा आहे. गिअर बदलताना हवेला मोकळी वाट मिळाली की टर्बोच्या चाकाला उलटा धक्का बसत नाही, त्याचा वेग कमी उतरतो आणि पुढच्या गिअरमध्ये बूस्ट थोडा लवकर येतो. पण ते काम कंपनीचा धडधाकट व्हॉल्व्हही करतोच. फरक जाणवतो तो जुना फाटलेला असतो तेव्हा.

माझी डिझेल आहे. तिला तो ‘फुस्स’ आवाज आणता येईल का?

आणू नका. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवा अडवणारी पाकळी नसते, तिथे ताकद डिझेल कमी-जास्त करून ठरते. नव्या डिझेल गाड्यांत एक फ्लॅप असतो, पण तो ईजीआरसाठी (जळलेला थोडा वायू पुन्हा इंजिनात फिरवण्यासाठी) आणि इंजिन शांतपणे बंद व्हावं यासाठी. पाय उचलला तरी हवेची वाट खुली राहते, सर्ज होत नाही, म्हणून व्हॉल्व्हची गरजच उरत नाही. डिझेलसाठी म्हणून जे किट मिळतं त्यात ॲक्सिलरेटरला एक स्विच आणि एक सोलेनॉइड (विजेवर उघडमीट करणारा भाग) असतं. पाय उचलला की ते मुद्दाम पाइपातली दाबलेली हवा बाहेर सोडतं. इंजिनाला त्याचा काडीचाही उपयोग नाही, गळतीची एक जागा मात्र वाढते. जुन्या १.३ डिझेल स्विफ्ट घेऊन मुलं येतात. त्यांना मी इंटरकूलरचे पाइप आणि क्लिपा तपासून देतो. गेलेला पिकअप बऱ्याचदा तिथेच सापडतो.

हवा बाहेर सोडणारा घ्यावा की परत फिरवणारा?

सगळ्यात जास्त गाड्या बिघडतात त्या इथे, म्हणून हे नीट वाचा.

इंजिनात किती हवा येते हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळल्याशिवाय पेट्रोल किती मारायचं ते ठरत नाही. हवा मोजायच्या दोन पद्धती आहेत. एकीत एअर फिल्टरच्या लगेच पुढे मॅफ सेन्सर असतो, तो आत आलेली हवा मोजतो. दुसरीत इनटेक मॅनिफोल्डवर मॅप सेन्सर असतो, तो तिथला दाब आणि तापमान बघून हवेचा हिशेब लावतो.

मॅफवाल्या गाडीत हवा दारातच मोजली गेलेली असते. ईसीयूने ती जमेला धरून त्या मापाने पेट्रोल मारायची तयारी केलेली असते. तुम्ही बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह लावला, तर मोजलेली हवा बॉनेटखालीच उडून जाते. पेट्रोल येतं, हवा येत नाही. पाय उचलला की गाडी अडखळते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडतं. प्लग काढले तर काजळीने काळे झालेले दिसतात. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली चिनी मातीची जाळी तापून वितळते आणि एक्झॉस्ट तुंबतो. त्या कन्व्हर्टरची किंमत सर्व्हिस सेंटरला विचारून बघा, म्हणजे या आवाजाचा भाव कळेल.

मॅपवाल्या गाडीत हे एवढं होत नाही, कारण पाकळीच्या अलीकडे काय उडालं याच्याशी त्या सेन्सरचा संबंध नसतो. तिथे बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह चालतो. पण ‘चालतो’ आणि ‘लावावा’ यात अंतर आहे. धूळ, पावसाचं पाणी, कायदा आणि शेजारी या चार गोष्टी पुढे येतातच.

निम्मी हवा परत आणि निम्मी बाहेर सोडणारे दोन तोंडांचे व्हॉल्व्हही मिळतात. मॅफवाल्या गाडीत त्यांनी त्रास निम्मा होतो, संपत नाही.

माझं मत सरळ आहे. रोज चालवायच्या गाडीला परत फिरवणाराच लावा.

मॅफ आहे की मॅप, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या जाड पाइपावर डब्याला लागूनच, चार-पाच तारांचा सॉकेट असलेला सेन्सर बसवलेला दिसला, तर तो मॅफ. त्याच्या आत अगदी बारीक तार किंवा पत्री असते, तिला बोट लावू नका. तिथे काही नसेल आणि इनटेक मॅनिफोल्डवर एक छोटा काळा सेन्सर स्क्रूने बसवलेला असेल, तर तो मॅप. काही गाड्यांत दोन्ही असतात. अशा गाडीला मॅफवाली समजूनच वागा. ओबीडीचं, म्हणजे ईसीयूतली माहिती वाचणारं, छोटं ब्लूटूथ यंत्र असेल तर मोबाइलवर बघा: हवेचं माप सेकंदाला इतके ग्रॅम असं येत असेल आणि पाइपावर तो सेन्सर दिसत असेल, तर शंका उरत नाही. जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बोवाली, ही मॅफची गाडी. तिच्यावर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह लावून पस्तावलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

पाय उचलला की ‘चु-चु-चु’ असा आवाज येतो. टर्बो गेला का?

घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. दाबलेली हवा पात्यांवर पुन्हा पुन्हा आपटून फुटते आहे, त्याचा हा आवाज. कमी बूस्टला, अर्धवट पाय उचलल्यावर थोडासा येणं कित्येक गाड्यांत स्वाभाविक आहे, कारण तेवढ्या दाबाला व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. भर बूस्टमधून पाय काढल्यावर दर वेळी मोठ्याने येत असेल, तर व्हॉल्व्ह उघडतच नाही असं धरा. पिस्टन अडकलेला असेल, स्प्रिंग फार कडक असेल किंवा वरची व्हॅक्यूमची नळी तडकलेली असेल.

हे एका दिवसात टर्बो खात नाही. पण प्रत्येक धक्का टर्बोच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. त्यात ऑइल वेळेवर बदललेलं नसेल तर शाफ्टला खेळ यायला लागतो. काही मुलं हा आवाज आवडतो म्हणून व्हॉल्व्ह मुद्दाम बंद करून घेतात. कृपा करून असं करू नका.

मग बाहेरचा व्हॉल्व्ह लावायची खरी गरज कोणाला असते?

माझ्या अनुभवात दोघांना. पहिला, ज्याच्या कंपनीच्या व्हॉल्व्हमधला रबरी डायफ्रॅम फाटला आहे. उष्णता आणि ऑइलची वाफ खाऊन पाच-सात वर्षांनी रबर कडक होतं आणि चिरतं. मग पाय दाबलेला असतानाही थोडी हवा मागे निसटते. वारज्याहून कात्रजचा चढ चढताना गाडी थकल्यासारखी वाटते, बॉनेटखालून सुस्कारा ऐकू येतो, कधी चेक इंजिनचा दिवा लागून पी०२९९ हा कोड येतो, म्हणजे बूस्ट हवा तितका मिळत नाही. अशा वेळी कंपनीचाच नवा आणा किंवा चांगल्या बनावटीचा पिस्टनवाला लावा. दोन्ही योग्य.

दुसरा, ज्याने रीमॅप करून, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रामिंग बदलून, बूस्ट वाढवला आहे. कंपनीने व्हॉल्व्ह मूळ बूस्टच्या मापाने दिलेला असतो. दाब वाढला की काही व्हॉल्व्ह थोडे उचलले जातात आणि गळतात. इथे मजबूत व्हॉल्व्हला अर्थ आहे.

बाकीच्यांना फक्त आवाज हवा असतो. आवाज आवडणं यात गैर काही नाही, मलाही टर्बोचा आवाज आवडतो. पण ते मनाशी स्पष्ट असू द्या, म्हणजे पैसे कशासाठी दिले हे नंतर टोचत नाही.

स्प्रिंग कुठली घ्यायची? बूस्ट जास्त म्हणून कडक घ्यायची ना?

हा गैरसमज फार पसरला आहे. पाय दाबलेला असताना व्हॉल्व्हच्या खाली जितका बूस्ट असतो, साधारण तितकाच वरच्या नळीतूनही येतो. दोन्ही एकमेकांना तोलतात. म्हणून स्प्रिंग बूस्टवर निवडत नाहीत, ती निवडतात इंजिन आयडलला (पाय न दाबता नुसतं चालू) असतानाच्या व्हॅक्यूमवर. चांगले व्हॉल्व्ह बनवणारे आपल्या स्प्रिंगांचा तक्ता त्याच मापाने देतात.

पुण्याच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. समुद्रसपाटीला निरोगी पेट्रोल इंजिन आयडलला साधारण १८ ते २० इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम दाखवतं. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाबच कमी. त्यामुळे तेच इंजिन गेजवर दीड-दोन इंच कमी दाखवतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथे आणखी अडीच इंच कमी. परदेशी तक्त्यातला आकडा बघून स्प्रिंग मागवण्याआधी आपल्या गाडीवर, आपल्या गावात, इंजिन गरम झाल्यावर गेज लावून मोजा.

आणि मोजलेल्या आकड्याला अगदी काठावरची स्प्रिंग घेऊ नका. पुण्यात आयडलला जेमतेम बंद राहणारा व्हॉल्व्ह घाट उतरून मुंबईला गेला की तिथल्या वाढलेल्या व्हॅक्यूमने किंचित उघडा राहतो. बाहेर सोडणारा असेल तर त्या फटीतून न गाळलेली हवा आत ओढली जाते आणि सिग्नलला आरपीएम वरखाली नाचतो. एका गिऱ्हाइकाची गाडी पुण्यात अगदी शांत आणि वाशीला गेली की बेचैन असायची. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. कारण एवढंच होतं. एक पायरी कडक स्प्रिंग टाकली आणि तक्रार थांबली.

फार कडकही नको. मग हलक्या पायाने चालवताना व्हॉल्व्ह उघडणारच नाही आणि ‘चु-चु-चु’ सुरू होईल.

बसवायचा कुठे आणि कसा?

इंटरकूलर आणि थ्रॉटल बॉडी यांच्या मधल्या पाइपावर, थ्रॉटलच्या जितका जवळ जमेल तितका. दाबाची लाट तिथूनच मागे फिरते. परतीचा पाइप एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मध्ये जातो. मॅफ असेल तर मॅफच्या नंतर, आधी कधीच नाही.

गाडीत मूळ व्हॉल्व्हची जागा असेल तर तिथेच बसणारा घ्या, कापाकापी लागत नाही. नसेल तर ॲल्युमिनियमच्या पाइपावर फ्लँज (व्हॉल्व्ह बसवायची चकती) बसवावा लागतो. भोसरी एमआयडीसीत लेथवर तो व्यवस्थित करून मिळतो, नंतर आर्गन वेल्डिंग मारून घ्यायचं. वेल्डिंग करताना फ्लँज तापून वाकतो, म्हणून नंतर त्याचं तोंड पुन्हा सपाट करून घ्या, नाहीतर ओ-रिंग नीट बसणार नाही. वेल्डिंगनंतर पाइप आतून स्वच्छ धुवा. धातूचा एक कण थ्रॉटलमधून आत गेला तर पुढचं काय ते सांगायला नको. सिलिकॉनचे होज आणि चांगल्या क्लिपा नाना पेठेत मिळतात. दातेरी स्वस्त क्लिप घेऊ नका, ती सिलिकॉन कापते. आणि एम-सीलने कुठलाही जोड बुजवू नका. इंजिनच्या उष्णतेत आणि हादऱ्यात ते टिकत नाही.

आता व्हॅक्यूमची नळी. तिच्याबद्दल मी जास्त लिहितो, कारण माझी स्वतःची गाडी तिथेच अडकली होती. दहा वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या गॅरेजने माझ्या टर्बो सेदानला व्हॉल्व्ह बसवून दिला आणि नळी ब्रेक बूस्टरच्या पाइपातून टी-जॉइंट टाकून घेतली. त्या पाइपात एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. ब्रेकसाठी व्हॅक्यूम साठून राहावा म्हणून तो हवेला एकाच दिशेने जाऊ देतो. जोड त्याच्या पलीकडे पडला होता. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये बूस्ट आला तरी माझ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हच्या डोक्यावर व्हॅक्यूमच राहायचा आणि तो पाय दाबलेला असतानाही उघडायचा. गाडी ओढतच नव्हती. त्याहून वाईट म्हणजे तो जोड सैल झाला आणि खंबाटकी उतरताना ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं. हँडब्रेक आणि खालचा गिअर यांच्यावर गाडी कडेला घेतली. सोबत आई होती. त्या दिवसापासून ब्रेकच्या नळीला मी हात लावू देत नाही, कोणाच्याही गाडीत.

नळी थेट मॅनिफोल्डवरून, फक्त या व्हॉल्व्हसाठी, जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवा. पेट्रोल प्रेशर रेग्युलेटरच्या नळीतही वाटेकरी होऊ नका. आतून चार ते सहा मिलिमीटरची, व्हॅक्यूमला चपटी न होणारी घ्या आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा.

बसवल्यावर गळती आहे का हे कसं बघू?

सर्व्हिस सेंटरला न जाताही जमतं. पीव्हीसीची एक टोपी घ्या, टर्बोच्या तोंडाला होजने घट्ट बसेल अशी. तिला भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा. इंजिन बंद आणि गार असताना ती टोपी लावा, सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. १० पीएसआयच्या पुढे जाऊ नका आणि टोपीच्या समोर तोंड आणून उभे राहू नका, निसटली तर गोळीसारखी उडते. दाब थोडा थोडा उतरला तर चिंता नको, इंजिनाच्या एखाद्या उघड्या व्हॉल्व्हमधून तेवढी हवा जातेच.

माझ्या गाडीचा मूळ व्हॉल्व्ह विजेवर चालतो. तो काढून साधा लावू का?

नव्या टीएसआय घराण्यातल्या मोठ्या इंजिनांत व्हॉल्व्हला सोलेनॉइड असतं, उघडायचा हुकूम ईसीयू देतो. सॉकेट काढून टाकलात तर कोड येणार आणि दिवा लागणार. त्यासाठी सोलेनॉइड तसंच ठेवून फक्त आतला पिस्टन बदलणारी किट येतात. ऑस्ट्रेलियाच्या जीएफबीचं त्यात नाव आहे, आणि घ्यायचंच तर मी त्या प्रकारचं घ्यायला सांगेन.

मूळ व्हॉल्व्हखाली एक चकती सरकवून थोडी हवा बाहेर सोडणारे स्पेसर फार विकले जातात. स्वस्त आहेत, दहा मिनिटांत बसतात, म्हणून मुलांना मोह होतो. मॅफवाल्या गाडीत त्याने वर सांगितलेलं सगळं दुखणं मागे लागतं. मॅपवाल्या गाडीतही त्याची पातळ ओ-रिंग उन्हाळ्यात दबते आणि बूस्ट गळायला लागतो.

ऑनलाइन दीड हजारात मोठ्या नावाचा व्हॉल्व्ह मिळतोय. घेऊ?

एचकेएस, टायल, टर्बोस्मार्ट, फोर्ज यांच्या हुबेहूब नकला सर्रास मिळतात. वरून ओळखू येत नाहीत. पिस्टन बोटाने दाबून बघा: खऱ्यामध्ये तो लोण्यासारखा खाली जातो आणि तसाच परत येतो. नकलेत अडखळतो, तिरका होतो. गरम झाल्यावर असा पिस्टन उघडा अडकला तर गाडी ओढत नाही, आणि बंद अडकला तर व्हॉल्व्ह नसल्यासारखंच. बजेट नसेल तर कंपनीचा मूळ व्हॉल्व्ह नवा घ्या. जुन्या १.८ टर्बोवाल्यांसाठी बॉशचा ७१० एन अजूनही प्रामाणिक माल आहे.

धूळ आणि पावसाचं काय?

बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बंपरच्या आत खाली लावायची पद्धत आहे, कारण तिथे आवाज मोकळा येतो. पुण्यात मला ती पटत नाही. चाकण रस्त्यावरची धूळ आणि जुलैमध्ये रस्त्याच्या कडेला साठणारं पाणी हे दोन्ही नेमकं तिथेच येतं. पिस्टनवर धुळीचा लेप बसतो, ग्रीस काळं होतं, व्हॉल्व्ह अडकतो. ताम्हिणीत पावसात फिरून आलेल्या गाडीच्या व्हॉल्व्हमधून मी चिखलाचं पाणी काढलं आहे. वर, इंजिनच्या उंचीला लावा. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, उघडून पुसा आणि बनवणाऱ्याने सांगितलेलं ग्रीस अगदी पातळ लावा. डायफ्रॅमवाल्याला ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

आरटीओ किंवा ट्रॅफिक पोलीस पकडतील का? पीयूसी तर पास झाली आहे.

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधन आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने अपात्र, असं आहे.

पीयूसी पास होणं हा बचाव नाही. ती चाचणी गाडी उभी असताना होते. पाय उचलल्यावर जे जास्तीचं पेट्रोल जळतं ते तिथे दिसतच नाही. आपल्याच वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, गाड्यांचे नवे मॉडेल तिथे तपासून प्रमाणित होतात. तुमच्या गाडीचा धूर आणि आवाज प्रमाणित झाला तो मूळ व्हॉल्व्हसकट.

वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नका. टर्बोचा क्लेम आला की पहिली नजर इनटेकवर जाते. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी अडचण करतो.

काका, माझा मुलगा कॉलेजला आहे आणि त्याला हे बसवायचंच आहे. धोका आहे का हो?

ताई, व्हॉल्व्ह नीट बसवला तर गाडीला धोका फारसा नाही. पण आवाज आला की तो ऐकायला पाय पुन्हा पुन्हा दाबावासा वाटतो, रात्री कर्वे रस्त्यावर तर जास्तच. मला काळजी त्याची वाटते. त्याला माझ्याकडे घेऊन या. परत फिरवणारा व्हॉल्व्ह आपण दोघं मिळून बसवू, पाना त्याच्या हातात देईन. हवा कुठून येते आणि कुठे जाते हे एकदा हाताने केलं की मुलांचं लक्ष आवाजावरून यंत्राकडे वळतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. आणि एक सांगा त्याला: दवाखाना, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. तिथे कुणाचं तरी माणूस आजारी पडलेलं असतं.

बसवल्यापासून गाडी मिसिंग करते. कुठून सुरुवात करू?

आधी डोक्यावरची नळी बघा: निघाली आहे का, तडकली आहे का, पिळली गेली आहे का. मग इंजिन आयडलला ठेवून व्हॉल्व्हच्या तोंडाशी पातळ कागद धरा. आत ओढला गेला तर स्प्रिंग सैल आहे. मग ओबीडीवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतो आहे ते, बघा. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, कुठून तरी न मोजलेली हवा येते आहे. पी०१७२ म्हणजे मिश्रण जाड, मोजलेली हवा कुठे तरी निसटते आहे. त्यानंतर साबणाच्या पाण्याची चाचणी.

एवढं करूनही सुटलं नाही तर मूळ व्हॉल्व्ह परत लावून दोन दिवस चालवा. गाडी शांत झाली तर दोष कुठे आहे हे कळलं. म्हणून काढलेला मूळ व्हॉल्व्ह, त्याच्या क्लिपा आणि नळी कधीच भंगारात देऊ नका. पिशवीत घालून, गाडीचा नंबर लिहून, डिकीत स्टेपनीखाली ठेवा.